कार्बनची चाकं आणि गळका टँकर

मंडळी, थोडक्यात वाचलो, म्हणून लिहितोय.

आज सकाळी सायकलच्या दोन चाकजोड्या ताडून बघायला औसा रोडला गेलो. आधी माझ्या जुन्या ॲल्युमिनियमच्या चाकांवर एक फेरी मारली. मग आपल्या ग्रुपातल्या किराणावाल्या महादेवची कार्बनची चाकं लावली. लई हलकी! चढ कधी संपला कळलंच नाही.

देताना महादेव म्हणाला होता, "ही कार्बनची रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो. पण यंदा पाणी हाय कुठं?" दोघंही हसलो होतो.

पाणी टँकरमध्ये होतं. माझ्यापुढं चाललेला टँकर गळत होता. रस्ता ओला, माझ्या रिमाही ओल्या. गतिरोधकावर टँकर हळू झाला, तशी एक बाई अर्धी भरलेली घागर घेऊन गळतीखाली धरायला धावत आली. मी दोन्ही ब्रेक आवळले. सायकल थांबेचना! तिच्या पदराला घासून बाजूच्या मातीत आदळलो.

"मावशी, लागलं का हो?" मी पडल्या पडल्या ओरडलो.

तिनं आधी घागरीत बघितलं. "न्हाई, सांडलं न्हाई," म्हणाली.

दुपारी चाकं परत देताना महादेवला सगळं सांगितलं. तो म्हणतो, "तुलाच ब्रेक मारता येत न्हाई." उद्या पहाटे त्याच चाकांवर तो औशाला निघालाय. टँकरही पहाटेच भरून निघतात.

माझं तर त्यानं उडवून लावलं. तुमच्यापैकी कुणाचं ऐकतो का तो? ऐकत असेल तर आत्ताच फोन लावा ना.