दाखवायचा संडास

कामावर जाताना पाणी प्यायला तुम्ही कधी घाबरलात का?

आम्ही रोज घाबरतो. साताऱ्याच्या एमआयडीसीत, पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी लेथ चालवते. मूळची आष्ट्याची, आयटीआय झालेली. आमच्या शेडमधल्या बायकांच्या संडासाला कुलूप असतं. किल्ली सुपरवायझरच्या खिशात. ती मागायला सगळ्या पुरुषांसमोर जाऊन उभं राहायचं. मग तो विचारतो, "आत्ताच गेलीस न्हवं का गं?" पुरुष हसतात. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. बाटल्या भरून आणतात, भरलेल्याच परत नेतात.

त्या दिवशी तपासणीला सरकारी साहेब येणार होते. सकाळीच नवी बादली आली, आरसा आला, कागदात गुंडाळलेला साबण आला. सुपरवायझरनं सगळ्या बायकांवरून नजर फिरवली. माझ्यावर थांबवली.

"तू ये गं. ब्रश घे."

"मी लेथवर हाय," मी म्हणाले. "सफाईच्या मावशी येतात की."

"त्या आज न्हाई आल्या. आन् तुमच्यातल्यांना काय शिकवाय लागतंय व्हय?"

तुमच्यातल्यांना. माझं आडनाव त्याला ठाऊक होतं. निळ्या झेंड्याची माझी वस्तीही. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारच्या मशीनवर शालनकाकू, रिटायर फौजीची बायको. रोज माझ्या डब्यातली चटणी हक्कानं मागून खाणाऱ्या. त्यांनी मान खाली घातली.

मी धुतला. उघड्या हातांनी, गुडघ्यांवर बसून. हा ब्रश हातात येऊ नये म्हणून आईबापानं मला शिकवलं होतं.

बाहेर आले तर त्यानं पुन्हा कुलूप लावलं. "सायेब बघून जाईस्तवर कुनी वापरायचा न्हाई. घान हुईल."

मी धुतलेल्या जागी माझ्यामुळेच घाण होणार होती.

जेवणाची सुट्टी सरली. साहेबांचा पत्ता नाही. शालनकाकूंना साखरेचा आजार. या पायावरून त्या पायावर भार देत उभ्या होत्या.

"आवं काकू, किल्ली मागा की."

"नगं बाई. आजच्या दिस दम धरायचा."

उन्हं कलल्यावर साहेब आले. सोबत मालक. कुलूप आधीच काढलेलं. साहेबांनी दारातूनच आत पाहिलं.

"बायकांची काही तक्रार?" त्यांनी मालकांना विचारलं. आम्ही तिथंच, मशीनपाशी उभ्या होतो.

"छे. घरच्यासारखं आहे सगळं."

मी लेथ बंद केला. चालत गेले, साहेबांच्या बाजूनं आत शिरले आणि कडी लावली.

बाहेरून सुपरवायझरचा आवाज. "ए, भाईर ये."

मी घाई केली नाही. कागद फाडून नव्या साबणानं हात धुतले. मग दार उघडलं. समोर शालनकाकू.

"सर बाजूला, बाय," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांच्यामागं दुसरी. तिच्यामागं तिसरी. रांग लागली.

"सायेब," मी म्हणाले, "हे दार तुमच्यापुरतं उघडलंय. किल्ली ह्यांच्या खिशात असती. आन् आज मला जात बघून धुवायला लावला."

"बघतो," साहेब म्हणाले आणि चहाला ऑफिसात गेले.

दुसऱ्या दिवशी कुलूप जागेवर होतं. मला लेथवरून काढून माल पुसायला बसवलं. शालनकाकू नजर देत नव्हत्या. पण त्यांची बाटली रिकामी होती.

आता मी किल्ली मागत नाही. पाणी पिऊन येते. वेळ झाली की कुलपापाशी जाऊन उभी राहते, दार उघडेपर्यंत. कामाला हात लावत नाही. कामावरून काढायचं तर काढा. पण जात बघून दिलेला ब्रश मी पुन्हा उचलणार नाही.

तुमच्या कारखान्यातही तपासणीला साहेब येतील. त्या दिवशी घरून पोटभर पाणी पिऊन या. आणि दाखवायला उघडलेल्या त्या दारापुढं, साहेबांच्या देखत, रांग लावा.