शेवटचा हात कुणाचा?

ब्रेकडाऊन आप्पा मशीन उघडण्याआधी मालकाला उघडं पाडायचे. आले की पिशवी खाली ठेवायची, खुर्ची ओढायची आणि विचारायचं, "शेवटचा हात कुणाचा?" उत्तर मिळेपर्यंत स्क्रूड्रायव्हर खिशातून बाहेर यायचा नाही. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी वीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली होती. तिथं पंप बंद पडला की पहिली पाळी दुसरीकडे आणि दुसरी तिसरीकडे बोट दाखवणार. पुढे त्यांनी दौंडात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. यंत्रं बदलली, माणसं तीच निघाली.

शिरूरकडच्या एका दूध संस्थेचे चेअरमन त्यांना म्हणाले, कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. "आपोआप फकस्त केस पिकत्यात, चेअरमन," असं म्हणून आप्पा चहा पीत बसून राहिले. तिसऱ्या कपाला चेअरमनच्या चिरंजीवांनी कीबोर्डवर ताक सांडल्याचं कबूल केलं. आप्पांचं म्हणणं असं की, "मोटार जळायच्या आधी बोंबलती तरी. ह्यो डबा मुका हाय. त्याच्या वतीनं माणसानं बोलाय पाहिजे."

मी तेव्हा दौंडातच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो, म्हणजे विद्यार्थ्यांच्या एक धडा पुढे होतो. एका सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी तिथल्या मुख्य मशीनमधली दुसरी हार्ड डिस्क काढून मित्राची, सिनेमांनी भरलेली डिस्क बसवली. मशीन चालू होईना. घाईघाईनं जुनी डिस्क परत लावली, तरी स्क्रीन काळाच. मग मी झाकण लावलं आणि शहाण्यासारखा डबा खायला बसलो.

मंगळवारी सकाळी क्लासच्या सरांनी खापर झाडलोट करणाऱ्या मावशींवर फोडलं. टेबलाखाली ओलं फडकं मारलं म्हणून मशीन गेलं, आप्पा येऊन बघेपर्यंत थांबा आणि मग कायमच्या घरी जा, असं त्यांना सुनावलं. मावशी डब्याची पिशवी धरून दारात उभ्या राहिल्या. त्यांचं घर त्या कामावर चालायचं, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसलो.

आप्पा आले. त्यांनी सरांना विचारलं, दोन मास्तरांना विचारलं, मला विचारलं. मी म्हणालो, "आपोआप झालं." आप्पांनी या वेळी खऱ्या उत्तराची वाट न बघता झाकण काढलं. मग डिस्कचे सैल स्क्रू बघून ते सरांना म्हणाले, "फडक्यानं स्क्रू निघत न्हाई, सर." डिस्कच्या मागे जंपर म्हणून डाळीएवढी प्लास्टिकची टोपी असते. पहिली डिस्क कुठली आणि दुसरी कुठली, हे तिच्यावरून ठरतं. डिस्क बदलताना मी ती उपसली होती आणि परत लावताना भलत्याच जागी खोचली होती. "दोघीबी म्हणत्यात मीच पहिली. एका घरात दोन कारभारी," असं म्हणत आप्पांनी टोपी हलवली आणि मशीन सुरू झालं.

हे कोणी केलं, असं सरांनी विचारलं. आप्पांनी पिशवी उचलली आणि ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "माझं काम झालं. मास्तर, तुमचं राहिलंय."

मी सांगितलं. मावशींचं काम टिकलं, माझं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांशी भांडायला म्हणून दुकानात गेलो आणि काम मागून बसलो. ते म्हणाले, "आधी मावशीची माफी मागून ये." लाजत गेलो. मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "मला ठावं व्हतं की. तुमी त्यो मशिनीचा डबा उघडून बसला व्हता तवा मी व्हरांडा झाडत व्हते. म्हणलं, शिकल्यालं पोर हाय, सांगंल सवताच्या तोंडानं."

इतकी लाज मला पुढे कधी वाटली नाही. परत येऊन आप्पांना सांगितलं, तर त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "चौघांना इचारलं म्या. तिला न्हाई इचारलं."

पुढे नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. कुठल्याही ऑफिसात गेलं की आप्पा आधी झाडणाऱ्या बाईपाशी थांबायचे, मग साहेबाकडे जायचे. साहेब लोकांना ते झोंबायचं, आणि आप्पांना त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही. आप्पा गेले त्यानंतरच्या पहिल्या कामाला मी एकटाच गेलो. साहेब केबिनमधून हाक मारत होते. मागच्या मोरीवर एक बाई चहाचे कप विसळत होत्या. मी आधी त्यांच्याकडे गेलो.