चंद्र व्हायलेत

सेलूत आमच्या तान्ह्या नातीला न्हाऊ घालायला एक बाई येतात. उंबऱ्यातच आवाज उतरवून विचारतात, "निजली काय?" पाचवी होईपर्यंत त्यांनी शेजारणींनाही तिचं तोंड बघू दिलं नव्हतं. आता रोज डाळीच्या पिठाचा गोळा तिच्या पाठीवर फिरवतात. लव चिकटत जाते, गोळा करडा होत जातो.

"काय बघायलात वो काका?"

मी मोबाइल त्यांच्यापुढं पाटावर ठेवला. "दुसऱ्या एका सूर्याभोवतीचा अवाढव्य ग्रह हाय. त्याच्याभोवती हे धुळीचं कडं फिरायलंय. तुमच्या गोळ्याला लव चिकटती, तशी धूळ धुळीला चिकटायलीय. त्याचेच चंद्र होतेत."

त्यांचा हात थांबला. "म्हंजी अजून व्हायलेत?"

"हो. लाखो वर्षं लागतात."

फोटोत केशरी ठिपका, भोवती पुसट कडं, बाकी सगळा काळोख. बाई त्या काळोखाकडंच बघत राहिल्या.

"इतके दिवस त्यांच्यापाशी कोन हाय मंग?"

"कुणीच न्हाई," मी म्हणालो.

बाईंनी पिठाचे हात पुसले, नातीचं धुतलेलं दुपटं उचललं आणि अलगद मोबाइलवर पांघरलं.

"झाकून ठिवा," त्या कुजबुजल्या. "पुरे झाल्याबिगर कुनाला दाखवू न्हाई."