बियाला राखलेले दोन दोडके

नणंदेची लेक पुण्यात कॉम्प्युटरचं शिकत होती. नव्वद सालानंतरची गोष्ट. सुट्टीत इंदापूरला आमच्या मळ्यात आली, ती वही घेऊनच. म्हणाली, "मामी, माणूस काय करतंय ते बघून त्याला काय हवंय, हे मशीननं ओळखायचं. तुम्ही काही सांगायचं नाही. नेहमीसारखं काम करायचं."

"आन् तोंड बंद ठेवायचं? मग ती मी कशी?" म्हणाले खरी, पण ठेवलं बंद. पोरीच्या परीक्षेचं काम होतं.

आठ दिवस ती दोडक्याच्या मांडवाखाली माझ्या मागं. कुठं हात घातला, कुठला तोडला, सगळं वहीत. मग बारामतीला जाऊन कुणाच्या तरी कॉम्प्युटरात ते घालून आली.

आता मांडवाच्या कोपऱ्यात दोन दोडके मी बियाला राखलेले. बी माझ्या आईच्या हातचं, लग्नात ओटीतून आलेलं. मागचं सगळं पेरून झालेलं, वेल उतरणीला लागलेले. त्या दोन फळांवरच सारं. म्हणून रोज दाबून बघायची, कितपत वाळलेत.

एक दिवस सणसरला जाऊन आले, तर दोन्ही दोडके ओट्यावर.

"मामी, मशीननं ओळखलं! तुम्ही रोज हात घालता, पण देठ तुटत नाही. तोडायचंय, पण जोर पुरत नाही. म्हणून मीच विळ्यानं काढले."

"जोर पुरत न्हाय? सकाळी टेम्पोत पोती कोण चढवतं, तुझं मशीन?"

दोडका मोडला. आत बी पांढरं, कच्चं, नखानं चिरडलं.

"अगं, विचारायचं तरी!"

"विचारायचं नाही, असाच तर प्रयोग होता, मामी."

रागावावं तर तिनं मायेनंच केलेलं. आणि जिभेवर आलेलं आठ दिवस गिळत बसले ती मीच.

दुसऱ्या दिवशी मोरगावच्या बाजूला माहेरी निघाले, बियासाठी. तीही आली. एसटीत सारखं विचारणं, "मामी, खिडकीशी का बसलात? पिशवी मांडीवर का?"

"उलटी होते म्हणून! आता सुचतंय व्हय विचारायला?"

भावजयीनं पाणी दिलं. बियाचा विषय काढल्यावर म्हणाली, "वन्सं, आमी तर कवाधरनं दुकानातल्या पुडीचंच लावतो."

पोरगी माझ्याकडं बघत होती. या खेपेला ओळखायला मशीन लागलं नाही तिला. वही पिशवीतच राहिली.