‘असाध्य’ न लिहिणाऱ्या मॅडम

सहामाही आढाव्याचा फॉर्म समोर घेऊन बसलो होतो, तेवढ्यात वानखडे मॅडमच्या मुलीचा फोन आला. "सर, आई गेली." दिवाळीआधी दवाखान्यात भेटलो तेव्हा त्या उठून बसल्या होत्या, त्यामुळे मला खरंच वाटेना. आणि सांगायला लाज वाटते, पण लगेच मनात आलं ते हेच... आता आढावा बैठकीत माझ्या शेजारी कोण बसणार?

मेहकरकडच्या आमच्या चार शिक्षकांच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका. जूनमध्ये आम्ही चौघं मिळून वर्षाची उद्दिष्टं ठरवायचो. तिसरीतल्या प्रत्येक लेकराला दिवाळीपर्यंत एक पान वाचता यावं, असं काहीबाही. सुट्टी संपली की आसपासच्या शाळा तपासणाऱ्या केंद्रप्रमुखांसमोर त्याचा आढावा. फॉर्मवर रकाने दोनच, साध्य आणि असाध्य. तिसरीचा वर्ग माझा, आणि मी स्वभावानं भित्रा. पहिल्याच वर्षी सगळ्या नावांपुढं ‘साध्य’ ठोकून मोकळा झालो.

मॅडमनी फॉर्म पाहिला. वर्गात येऊन एका मुलीला वाचायला सांगितलं. पोरगी घडाघडा सुटली! मी आपला खुशीत. मग मॅडमनी हळूच तिच्या पुस्तकाचं पान उलटलं... पोरगी मागच्याच पानावरचं म्हणत राहिली. अख्खा धडा तोंडपाठ, अक्षर एक ओळखत नव्हती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मॅडम तिला म्हणाल्या, "पाठांतर तं लय पक्कं हाय व तुहं!" पोरगी लाजून हसली.

ऑफिसात आल्यावर मी चिडूनच विचारलं, "मग काय असाध्य लिहू?"

"असाध्य काऊन? असाध्य रोग असते सर, लेकरू नसते." आणि दोन्ही रकाने सोडून त्यांनी समासात लिहिलं : शिकून राह्यली. म्हणजे, अजून शिकते आहे. फॉर्म परत आला, रकान्यातच लिहा म्हणून. त्यांनी तस्साच पुन्हा पाठवला. मला मात्र आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. नोटीस येते की काय! मॅडम त्या मुलीला रोज मधल्या सुट्टीत जवळ घेऊन बसायच्या. संक्रांतीच्या सुमारास ती एसटीची पाटी वाचायला लागली.

मॅडम गेल्यानंतर तीन आठवड्यांनी बैठक झाली. शाळेचा प्रभार दुसऱ्या कुणी घेतला नाही म्हणून माझ्याकडे. माझ्या वर्गातली सात लेकरं अजून अक्षरावर अडतात. केंद्रप्रमुख म्हणाले, "सगळं साध्य असन ना सर? वरून विचारून राह्यले." ‘हो’ अगदी ओठावर आलं होतं. इतकं सोपं होतं ते! मग ती सात लेकरं कुणाच्याच कागदावर उरली नसती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "माह्या वर्गातल्या सात जणाईले वाचता येत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "अशानं कसं होईन?" मॅडम असत्या तर फाडकन बोलल्या असत्या. मी फक्त सात नावांचा कागद पुढं सरकवला.

चौथीचे तायडे सर आमच्यात सगळ्यात जुने. दरवर्षी त्यांचा फॉर्म सगळ्यांच्या आधी भरलेला, वरपासून खालपर्यंत ‘साध्य’. त्यांनी साहेबांपुढचा आपला कागद हळूच मागं ओढला.

"माहे पाच हायेत," ते म्हणाले. "मॅडमले सांगीन म्हणत होतो... राहून गेलं."