आत्याबाईंच्या बोडीतलं जोडपं

लग्न लागलं की नवरीची जागा नवऱ्याच्या डाव्या हाताला, आणि ती तिथे असल्याशिवाय आमचे हे फोटो काढत नसत. बालाघाटात आमचा स्टुडिओ होता. जोडपं आत आलं की हे कॅमेऱ्याकडे न जाता आधी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहत आणि हवेतच हात हलवून तिला इकडे सरक, त्याला तिकडे सरक असं सांगत. नवरा तहसीलदार असो की हमाल, त्यात सूट नव्हती. आमच्या स्वतःच्या लग्नात पाटावर बसल्या बसल्या ह्यांनी फोटो काढणाऱ्या मित्राला याच कारणावरून असं झापलं होतं की भटजींचे मंत्र मध्येच थांबले. पुढे काय वाढून ठेवलंय ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

साठचं दशक संपत आलं होतं. शिकारीला अजून बंदी आलेली नव्हती. बैहरच्या बाजूच्या जंगलात बाहेरगावचे हौशी शिकारी येत आणि वाघ पडला की ह्यांना बोलावणं येई. जीपमधून जायचं, मेलेल्या वाघाच्या डोक्यावर बूट ठेवून उभ्या राहिलेल्या माणसाचा फोटो काढायचा आणि परत यायचं. एकदा असे परत आले आणि ताटावर बसून नुसते भाताकडे बघत राहिले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वाघीन होती. दूध होतं तिले." ताट तसंच उचललं. त्यानंतर बोलावणं आलं की हे सरळ सांगत, कॅमेरा बिघडलाय. इतक्या वेळा बिघडणारा कॅमेरा साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

मग ह्यांनी जिवंत जनावरांचे फोटो काढायचा ध्यास घेतला. त्यासाठी कुणाकडून तरी एक वापरलेला कॅमेरा मिळवला. दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून काचेत डोकावायचा. सणवार, लग्नसराई संपली की आम्ही दोघं भाकऱ्या बांधून निघायचो. मी बरोबर असायचे, कारण घरी एकटी बसले की मला राग यायचा आणि जंगलात बसले की निदान सोबतीनं राग यायचा. पाणवठ्यावर दिवसच्या दिवस दबा धरून आम्ही काय आणलं? चितळाचं शेपूट, गव्याचा मागचा अर्धा भाग आणि भरपूर गवत. हे मात्र ते फोटो स्टुडिओच्या काचेत दिमाखात लावायचे. बाजारातले लोक थांबून बघायचे आणि विचारायचे, "भैया, इसमें जानवर किधर है?"

अशात एका भाद्रपदात लांजीच्या बसच्या कंडक्टरबरोबर ह्यांच्या आत्याचा निरोप आला. सारसाच्या जोडीनं बोडीत घरटं घातलंय, दोन अंडी आहेत, फोटो काढायचे तर ये, अन् सूनबाईलेही आन.

आत्याबाई लांजीच्या पुढच्या एका खेड्यात राहायच्या. लहान वयात विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. धानाची शेती एकटीनं करायच्या. ह्यांच्या लहानपणीच्या साऱ्या सुट्ट्या त्यांच्याकडेच गेलेल्या, त्यामुळे ह्यांच्यावर त्यांचा जीव होता. तो जीव त्या शिव्या देऊन दाखवायच्या. आम्ही चिखल तुडवत पोचलो तर ओसरीवरूनच सुरुवात झाली.

"आला काय रे बाबू? वर्षभर आत्या मेली का जिती, पाह्यलं नाही. पाखराचं नाव घेतलं तं लगेच आला!" मग माझ्याकडे वळून, "अन् तू व, वाळून गेली न पार! हा तुले जेवाले देते का नुसता गवताचे फोटो दाखवते?"

मला त्या तेव्हापासून आवडल्या.

बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेलं लहान तळं. आमच्या भागातल्या धानवाल्याचा जीव तिच्यात असतो. आत्याबाईंच्या बोडीच्या उथळ टोकाला सारसांनी गवताचा आणि उपटलेल्या धानाचा मोठा ढीग रचला होता. त्या ढिगावर एकजण बसलेला, दुसरा जवळपास चरणारा, आणि मधून मधून पाळी बदलणं. नर माणसाएवढा उंच, मादी त्याच्याहून जराशी ठेंगणी. दोघांच्या माना लाल. सकाळी दोघं चोची आभाळाकडे करून ओरडायला लागले की गावातली कुत्री गप्प व्हायची.

ह्यांनी काठावर तणसाची, भाताच्या वाळल्या पेंढ्याची, दडून बसायला खोपडी बांधली. आत आम्ही दोघं, कॅमेरा, आणि अगणित डास. रोल हातचा एकच, तो जपून वापरायचा होता. पहिल्याच सकाळी उन्हं कोवळी असताना दोघं सारस घरट्याशी शेजारी शेजारी उभे राहिले. मी ह्यांना कोपरानं ढोसलं. ह्यांनी काचेत डोकावलं आणि काही केलं नाही.

"काढा न!" मी कुजबुजले.

"ती उजव्या हाताले हाये."

"मंग?"

"मंग काय? जोडीचा फोटो हाये हा. असा कसा काढू?"

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. त्या माणसानं दुसऱ्या दिवशीही तेच केलं आणि तिसऱ्याही. पाखरं एकत्र यायची, हे काचेत बघायचे, मान हलवायचे आणि थांबायचे. मी म्हटलं, जाऊन सांगा त्यांना सरकायला, हवेत हात हलवा. ह्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. डास मला खात होते आणि मी मनातल्या मनात ह्यांना खात होते. शेवटी एका सकाळी ह्यांच्या मनासारखं झालं, खट्ट आवाज आला आणि त्या घामेजल्या, डास चावून सुजलेल्या चेहऱ्यावर असं काही हसू फुटलं की माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. अशा माणसावर किती दिवस रागावणार?

पण तोवर गावात वेगळीच काळजी सुरू झाली होती. पाऊस गेला तो गेलाच. आभाळ धुतल्यासारखं निळं. बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, भेगा पडायला लागल्या. धान नेमकं पोटरीत आलेलं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. आता पाणी मिळालं नाही तर दाणा भरत नाही, नुसता कोंडा हाती येतो. पाणी होतं ते फक्त बोडीत.

आत्याबाईंनी जेवताना सांगितलं, "पाळ फोडा लागते."

ह्यांचा घास हातातच राहिला. बोडी रिकामी झाली की घरटं कोरड्या चिखलात उघडं पडणार आणि कोल्हीकुत्री चालत अंड्यांपर्यंत जाणार. "आत्या, थोडे दिवस थांब. पिलं निंघाले का मंग सोड."

"धान थांबन काय?" आत्याबाई म्हणाल्या. "वर्षभर काय खाऊ, तुहे फोटो?"

त्यांचं काही चुकत नव्हतं.

हे त्याच दिवशी बसनं बालाघाटला गेले, रोल धुतला आणि दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन परत आले. ह्यांचा हिशोब असा की फोटो बघून आत्याचं मन विरघळेल. स्टुडिओत लग्नाच्या फोटोंचेच पुठ्ठे होते. लंबगोल खिडकीचा, कोपऱ्यात सनई-चौघडा छापलेला असा एक घेऊन ह्यांनी सारसांचं जोडपं त्यात चिकटवलं होतं. फोटो खरंच सुरेख होता. पाण्यात दोघांची सावली पडलेली आणि दोघं अगदी आपल्याकडे बघतायत.

आत्याबाईंनी पदराला हात पुसले, फोटो दारातल्या उजेडात नेला आणि कितीतरी वेळ बघितला.

"जोडा झ्याक हाये," त्या म्हणाल्या. "पन नवरी उजव्या हाताले काहून उभी केली रे? लग्न लागाचं हाये का याइचं अजून?"

ह्यांनी फोटो हिसकावूनच घेतला. खरंच की, मादी उजवीकडे होती! बस गाठायच्या घाईत ह्यांनी ते पाहिलंच नव्हतं. झालं होतं असं, की त्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्याच्या काचेत उजवं ते डावं दिसतं. स्टुडिओत हे माणसं समोर उभं राहून मांडायचे, काचेत बघून नाही, त्यामुळे ही गोष्ट कधी लक्षातच आली नव्हती. म्हणजे इतके दिवस पाखरं बरोबर उभी राहत होती तेव्हा हे मान हलवत होते, आणि चुकली तेव्हा खट्ट केलं. मी इतकी हसले की मला खांबाला धरावं लागलं. आत्याबाईही हसल्या. ह्यांना हसायला जरा वेळ लागला.

मग आत्याबाईंनी डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "फोटो लई चांगला हाये, बाबू. पन पानी उद्या सोडाच लागते. फोटो पाहून दाना नाही भरत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या मागोमाग बोडीवर गेलो. माणसं बांध्यांवर उभी होती, पण पाळ फोडायचा पहिला घाव मालकिणीनं घालायचा असा त्यांचा रिवाज. त्यांनी लुगडं खोचलं, फावडं घेतलं आणि पाळीच्या खोलगट जागी, जिथून सगळं पाणी जातं, तिथे उभ्या राहिल्या.

फावडं उचललं तसा नर सारस धावत आला. पंख पसरलेले, मान खाली, आणि घशातून तो कर्कश आवाज. हे ओरडले, "आत्या, मांगं हो!" आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत.

"अय! कोनाले भेव दाखवतं?" त्या पाखरावर खेकसल्या. "माहा मालक गेला तवा त्याचे थोरले भाऊ, माहे भासरे, आलते याच पाळीवर, बोडी बळकवाले. इळा घेऊन उभी होती मी. त्याइले नाही भ्याली, तुले भिऊ?"

पाखरू थांबलं, पण मागे सरकलं नाही. हातभर अंतरावर पंख तसेच पसरून उभं. त्याच्या मागे, घरट्यावर, मादी बसलेली. ती उठली नव्हती. एवढा कालवा चालला होता, माणसं ओरडत होती, पण तिनं अंडी सोडली नाहीत. आत्याबाईंची नजर नरावरून तिच्याकडे गेली आणि तिथेच राहिली. फावडं हळूहळू खाली आलं. खालून माणसांनी हाका मारल्या तरी त्या वळल्या नाहीत.

मग त्या पाळीवरून चालत दुसऱ्या टोकाला गेल्या, जिथे जमीन उंच होती, आणि तिथे उथळसा चर पाडला. पाणी आलं, पण बेताचं.

हे जवळ गेले. "आत्या, इथून वरचंच पानी जाईल. शेवटच्या बांध्याइले पोचनार नाही."

"मले शिकवतं काय रे?" त्या फिसकारल्या. "ह्या बोडीचं पानी मले ठाऊक नाही काय?"

बोडीत गुडघाभर पाणी राहिलं. काही दिवसांनी काठच्या चिखलात कोल्ह्याची पावलं दिसली. पाण्यापर्यंत आलेली आणि तिथूनच परत फिरलेली. एक अंडं वाया गेलं. दुसऱ्यातून तांबूस लोकरीच्या गोळ्यासारखं पिल्लू निघालं आणि आईच्या काठीसारख्या लांब पायांत अडखळत चालायला लागलं. ह्यांनी बालाघाटहून येताना आणलेला नवा रोल सगळा त्याच्यावर संपवला. कोण कुठल्या बाजूला उभं आहे ते एकदाही बघितलं नाही.

कापणीला आम्ही परत गेलो. वरच्या बांध्या सोन्यासारख्या वाकलेल्या होत्या. शेवटच्या मात्र ताठ उभ्या. लोंबीत दाणाच नाही, म्हणून वाकायचं कारणच नव्हतं. त्यांच्या वरच्या अंगाला सारसांनी तुडवून वाट पाडलेली. शेजारच्या शेतातला एक म्हातारा पाळीवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाखरापायी एवढं धान घालवलं, बाई? काय भेटलं?"

मला वाटलं, आता हा पार भाजून निघणार. पण आत्याबाई शिव्या द्यायच्या मूडमध्ये नव्हत्या. पलीकडे ते तिघं चरत होते, दोन उंच आणि एक त्यांच्या पोटाशी पोचणारं. तिकडे एकदा बघून त्यांनी रिकामं तणस मुठीत धरलं आणि विळा चालवला.

"घरात लेकरू असलं का सांडतेच थोडं," त्या म्हणाल्या.

त्या आवाजात एवढं सुख होतं की मला पुढचं दिसेना. मी वाकून त्यांनी कापलेली पेंढी उचलली आणि ती घट्ट छातीशी धरून उभी राहिले.