सुर्वे साहेबांचा सी

माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं बसली की कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. आम्ही तर तिघंच, आणि मांडवीच्या उकाड्यात एसी फक्त आमच्याच खोलीला. बाहेर जायचं नावच कोणी घ्यायचं नाही!

ऐंशीच्या दशकात एका भाड्याच्या बंगल्यात आमचं ऑफिस होतं. अणुभट्टीत बिघाड झाला तर काय होईल, याचं गणित करणारा एक भलामोठा कॉम्प्युटर प्रोग्रॅम आम्ही सांभाळायचो. तो लिहिला सुर्वे साहेबांनी. मी आणि पावसकर डागडुजीला. मुंबईच्या हेड ऑफिसने आम्हाला इतक्या लांब, रत्नागिरीत समुद्राकाठच्या मांडवीला का बसवलं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पावसकर संगमेश्वरकडचा. तो म्हणायचा, "हितं ठेवलानी नि विसरले!"

विसरले असते तर बरं झालं असतं. परदेशी प्रोग्रॅम आणायचा आणि साहेबांचा मोडीत काढायचा, अशी कुजबुज अधूनमधून मुंबईहून यायची. ती आली की साहेबांचा डबा तसाच परत जायचा. पोटच्या पोरासारखा वाढवला होता त्यांनी तो प्रोग्रॅम.

*

शेवंती फाटकाशी मासे घेऊन यायची. आत अणुभट्टीचं काम चालतं हे तिला कुठून तरी कळलं. बांगड्यांची टोपली खाली ठेवून तिने साहेबांनाच गाठलं.

"काय वो साहेब, ती भट्टी फुटली तर आमच्या बांगड्यांचं काय वो?"

"अगं, भट्टी नाही इथं. तिचं नुसतं गणित आहे."

"हात्तिच्या! मग चुकला तर पुसून टाका की!"

साहेब आत आले आणि आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तेच तर इथं करायचं नाही!"

*

हा त्यांचा दंडक होता. प्रोग्रॅममधली जुनी ओळ कधी पुसायची नाही. आमचं सगळं फोर्ट्रानमध्ये. त्यात ओळीच्या अगदी पहिल्या कॉलममध्ये इंग्रजी सी घातला, की कॉम्प्युटर ती ओळ सोडून पुढे जातो. ओळ मात्र जागेवर राहते, माणसाला वाचता येते.

"पोरगं वर्गात बसलेलं असू दे," साहेब म्हणायचे. "फक्त त्याला प्रश्न विचारू नका."

पावसकरने एकदा तो सी चुकून दुसऱ्या कॉलममध्ये घातला. झालं! मशीन काही ऐकेना, आणि चूक शोधण्यात सकाळ फुकट गेली. तेव्हापासून साहेबांनी त्याला सोडलं नाही. तो म्हणाला, "साहेब, पाकिटाला तिकीट लावलं," की साहेब मान वर न करता विचारायचे, "पहिल्या कॉलममध्ये ना?"

*

एकदा मुंबईने विचारलं, वीज जाऊन भट्टीचे सगळे पंप एकदम बंद पडले तर काय होईल? आम्ही आकडे भरले, मशीन चालू केलं, प्रिंटर खडखडायला लागला. भट्टीतली वीज जाणार, तेवढ्यात मांडवीचीच गेली!

एसी थांबला, प्रिंटर अर्ध्या ओळीवर थांबला. अंधारात पावसकरचा आवाज आला, "घ्या! लाईटीने स्वतःच उत्तर दिलान!"

*

प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं, की जुनंच एक उदाहरण पुन्हा चालवायचं आणि नवा कागद जुन्या कागदाशी आकड्याला आकडा लावून पाहायचा, ही आमची संध्या. एकदा मोठी दुरुस्ती केली आणि शेवटच्या दशांशापर्यंत सगळं जुळलं! साहेबांनी पेढे मागवले. मी दुसरा पेढा तोंडात टाकला आणि कागदावरची तारीख पाहिली. दोन्ही कागद जुनेच होते.

साहेबांनी शांतपणे पुडा बांधला. "उरलेले खरं जुळल्यावर."

पेढे मुंग्यांनी खाल्ले.

*

शेवटी मुंबईहून कमिटी आलीच. आमचं दुकान ठेवायचं की गुंडाळायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. त्यांच्या अध्यक्षांनी नेमकं अवघड तेच मागितलं. भट्टीतला प्रवाह मंदावत मंदावत जवळपास थांबला, तर? आमचा नवा, वेगवान प्रोग्रॅम तिथे पोचला आणि धाडकन बंद पडला.

साहेबांनी घाम पुसला. "साळवीबाई, तुम्ही नवीन असताना मंद प्रवाहाचा एक भाग लिहिला होतात ना? तो गोगलगायीसारखा चालायचा म्हणून आपण सी घालून ठेवला. त्याचे सी काढा."

मी काढले. गोगलगाय निघाली! कमिटीचं जेवण झालं, आंबापोळी झाली, समुद्रावर फेरी झाली. चहाच्या वेळेला उत्तर आलं. भट्टी शाबूत!

अध्यक्ष म्हणाले, "हे आयत्या वेळी आणलंत कुठून?"

"आणतोय कुठून! इथंच झोपलं होतं. उठवलं."

प्रोग्रॅम वाचला. साहेबांनी त्या दिवशी स्वतःचा डबा संपवला आणि पावसकरचाही.

*

पुढे साहेब निवृत्त झाले. मुंबईहून नवे साहेब आले. टापटिपीचे, पण फोर्ट्रानवाले. आल्या आल्या त्यांना दाराबाहेरच्या बोर्डावर सुर्वे साहेबांचं नाव दिसलं, सगळ्यात वर.

"गेलेल्या माणसाचं नाव कशाला? उद्यापर्यंत याचं काहीतरी करा."

मला रडूच आलं. पावसकर बाजारात जाऊन पांढऱ्या रंगाची छोटी डबी तेवढी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे साहेब बोर्डासमोर बराच वेळ उभे होते. नाव जागच्या जागी होतं. त्याच्या आधी, बोर्डाच्या डाव्या कडेला चिकटून, एक ठसठशीत इंग्रजी सी! ते आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चहा सांगा."

संध्याकाळी सुर्वे साहेब नेहमीप्रमाणे समुद्रावर फिरायला निघाले होते. आम्ही दोघं घरी निघालेले पाहून फाटकाशी थांबले. चष्मा घरी राहिला होता, म्हणून डोळे बारीक करून बोर्डाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"पावसकर, पहिल्या कॉलममध्ये घातलायस ना?"